एला फिट्झजेराल्ड आणि स्वरतंतूंच्या वरचे 15 सेंटिमीटर

एला फिट्झजेराल्ड या थोर अमेरिकन जॅझ गायिकेचे नाव निघाले की काच फोडणाऱ्या आवाजाची गोष्ट हमखास निघते. 1970 च्या दशकात मेमोरेक्स या ध्वनिफिती बनवणाऱ्या कंपनीच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत एलाच्या आवाजाने काचेचा प्याला फुटत असे आणि त्यानंतर त्याच आवाजाच्या ध्वनिमुद्रणानेही फुटत असे. त्यावरून तिचा आवाज विलक्षण उंच आणि ताकदवान असल्याने काच तडकली, असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात तो आवाज ध्वनिवर्धकातून कित्येक पटींनी वाढवलेला होता. शिवाय प्याला फुटतो तो सूर केवळ उंच आहे म्हणून नव्हे, तर त्याची वारंवारिता, म्हणजे दर सेकंदाची कंपने, प्याल्याच्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारितेशी नेमकी जुळते म्हणून. पातळ काचेत कंपनाची ऊर्जा फार सावकाश विरते, त्यामुळे प्रत्येक कंपनाबरोबर ती साठत जाते आणि काठ वाकता वाकता तुटतो. सूर थोडासा जरी ढळला तरी काही घडत नाही.

वारंवारिता जुळल्याने कंपन असे बळावण्याला अनुनाद म्हणतात. तोच आपल्या तोंडातही घडतो, आणि एलाची कला समजून घ्यायची असेल तर प्याल्यापेक्षा तिथे पाहणे अधिक फलदायी आहे.

1917 मध्ये व्हर्जिनिया राज्यात जन्मलेली आणि न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये वाढलेली ही मुलगी 1934 मध्ये हार्लेममधल्या अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत नाचण्यासाठी गेली आणि ऐन वेळी गायली. पुढे चिक वेबच्या वाद्यवृंदात तिचे नाव झाले. 1940 च्या दशकात डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदाबरोबर दौरे करताना तिने ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या वेगवान नव्या शैलीला आपल्या गळ्यातून उत्तर दिले. शब्द सोडून केवळ अर्थहीन अक्षरांवर उत्स्फूर्त स्वररचना करण्याच्या या प्रकाराला स्कॅट म्हणतात. आपल्या तराण्याशी त्याचे नाते सहज लक्षात येते. मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांनी गोव्याच्या वादकांना हाताशी धरून हिंदी चित्रपटसंगीतात जॅझचे रंग आणले, तेव्हा अशी निरर्थक अक्षरे आपल्याकडेही घरोघरी गुणगुणली गेली.

आता त्या अक्षरांच्या आत शिरू. स्वरतंतू सेकंदाला 220 वेळा कंप पावत असतील, तर केवळ 220 हर्ट्झचा सूर निर्माण होत नाही. त्याबरोबर 440, 660, 880 अशा पटींतले उपस्वरही निघतात. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी, म्हणजे स्वरमार्ग, स्त्रियांमध्ये साधारण 14 ते 15 सेंटिमीटर लांब असते. ती एका टोकाला बंद असलेली नळी मानली, तर अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेतल्या अनुनाद नळीचे सूत्र तिला लागू पडते: पहिला अनुनाद सुमारे 600 हर्ट्झला, दुसरा 1,800 च्या आसपास, तिसरा 3,000 च्या. या अनुनादांना फॉर्मंट म्हणतात. त्यांच्या जवळपास येणारे उपस्वर बळावतात आणि बाकीचे दबतात. प्याल्याचा अनुनाद काटेकोर आणि अचल असतो. तोंडाच्या मऊ, ओलसर भिंतींमुळे इथला अनुनाद पसरट असतो आणि जीभ, जबडा, ओठ हलवून तो हवा तिथे सरकवता येतो. ‘ई’ म्हणताना जीभ पुढे उचलली जाते, तेव्हा पहिला फॉर्मंट 300 हर्ट्झच्या आसपास उतरतो आणि दुसरा 2,800 च्या जवळ चढतो. ‘आ’ म्हणताना ते 850 आणि 1,200 च्या आसपास एकमेकांजवळ येतात. ‘ऊ’साठी ओठ गोल केले की दोन्ही 1,000 च्या खाली राहतात. म्हणजेच स्वरतंतूंचा सूर तसूभरही न हलवता केवळ स्वरवर्ण बदलून आवाजाचा पोत पूर्णपणे पालटता येतो. ‘ऊ’ झाकलेला, गोलसर वाटतो, तर ‘ई’ पितळी वाद्यासारखा लखलखीत.

हीच क्लृप्ती ट्रम्पेटवादक बाहेरून करत होते. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला बबर माइली तुंबलेली मोरी मोकळी करण्याची रबरी वाटी ट्रम्पेटच्या तोंडाशी उघडझाप करत वाजवायचा, आणि त्यातून ‘वा-वा’ असा बोलका आवाज निघे. वाद्ये अशी माणसासारखी बोलत असतानाच एला तोंडाच्या पोकळीचा आकार बदलून वाद्यांसारखी वाजत होती.

मात्र सूर फार उंच गेला की हा मार्ग बंद होतो. 880 हर्ट्झच्या सुरात पुढचा उपस्वर थेट 1,760 ला असतो. मधल्या रिकाम्या जागेत फॉर्मंट असला तरी त्याने उजळावे असे तिथे काही नसते, म्हणून अतिउंच सुरांत ‘ई’ आणि ‘आ’ वेगळे ओळखू येत नाहीत. स्कॅटचा बराचसा बारकावा म्हणूनच मध्यम पट्टीत फुलतो. केवळ पट्टीच्या उंचीवरून गायक-गायिका मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तसेच 432 हर्ट्झच्या सुराने रोग बरे होतात, असे संदेश पसरवणाऱ्यांनीही थोडा विचार करावा. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाची कंपने, आणि दिवसाचे 86,400 सेकंद माणसानेच पाडले आहेत. त्या आकड्यात वैश्विक शक्ती येणार कुठून?

राहिली व्यंजने. मिनिटाला 240 मात्रांच्या लयीत मात्रेमागे दोन सूर घेतले, तर प्रत्येकाला सेकंदाचा फक्त आठवा भाग मिळतो. एवढ्यात सूर, स्वरवर्ण आणि आघात तिन्ही बदलायचे असतात. स्कॅटमध्ये ‘द’ आणि ‘ब’ वारंवार आलटून पालटून येतात, त्याचे एक कारण शरीररचनेत सापडते: ‘द’ जिभेचे टोक घडवते आणि ‘ब’ ओठ. एक अवयव काम करत असताना दुसरा मोकळा असतो. आरशासमोर ‘दूबी, दूबी’ भरभर म्हणून पाहा. ‘बी’साठी ओठ मिटलेले असतानाच आत जीभ ‘ई’च्या जागी पोहोचलेली जाणवेल. त्या मिटलेल्या ओठांमागे साठलेला हवेचा दाब सुटतो, तोच सुराचा आघात. तो सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मायक्रोफोनने उचलल्यामुळे एलाला ऑपेरा गायिकेसारखा आवाज फेकावा लागला नाही, आणि ही बारीक कामगिरी ऐकू येण्याजोगी राहिली.

13 फेब्रुवारी 1960 रोजी बर्लिनच्या मैफलीत ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरली. थांबण्याऐवजी तिने तिथल्या तिथे नवे शब्द रचले आणि मग घोगऱ्या आवाजासाठी प्रसिद्ध असलेला जॅझ गायक व ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याची हुबेहूब नक्कल केली. त्या घोगऱ्या, खरखरीत आवाजासाठी स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांनाही कंप द्यावा लागतो. त्यांचे कंपन मूळ सुरावर चढले की त्याचा नितळपणा मोडतो. ध्वनिमुद्रणात ती खरखर अचानक सुरू होते, काही ओळी टिकते आणि पुढच्याच ओळींत पुन्हा तिचा नितळ आवाज येतो, लय कुठेही न सांडता.