कोकमतेल

(भिरंडेल, मुठेल). कोकमाच्या (गार्सिनिया इंडिका, कुल क्लुसिएसी) बियांतील मगजापासून काढलेले, नेहमीच्या तापमानाला घट्ट राहणारे फिकट पिवळसर तेल. कोकण, गोवा व उत्तर कर्नाटकाच्या किनारपट्टीत ते टाचांच्या भेगा, फुटलेले ओठ व उललेली कातडी यांवर लावतात. अलीकडे क्रीम, लिपबाम व साबणातही घालतात. ‘मुठेल’ हे नाव मुठीत वळलेल्या गोळ्यांवरून आले असावे.

प्रजातीचे ‘गार्सिनिया’ हे नाव गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्यावरून पडले असे पुष्कळदा लिहिले जाते. प्रत्यक्षात ते स्वीडिश वनस्पतिवैज्ञानिक लिनीअसने लोरां गार्सें या निसर्गवैज्ञानिकाच्या सन्मानार्थ दिले आहे. ‘ब्रिंदांव’ हा कोकमासाठीचा पोर्तुगीज शब्द मात्र ‘भिरंड’ या कोकमाच्या कोकणी नावावरून आलेला दिसतो, आणि ‘ब्रिंडोनिया’ या जुन्या प्रजातिनामातही तोच आहे. चरकसंहितेतील हृद्य (हृदयाला हितकर) गणातले ‘वृक्षाम्ल’ म्हणजे कोकम, हे मत बहुतेकांना मान्य आहे. अमरकोशात वृक्षाम्ल व तिंतिडीक हे पर्याय म्हणून येत असल्याने काहींनी चिंच हा अर्थ घेतला. निघंटूंत (औषधी द्रव्यांच्या जुन्या कोशांत) चिंच वेगळी सांगितलेली असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही हृद्य गणातला उल्लेख फळाचा आहे. त्यावरून तेलाचे प्राचीनत्व ठरवता येत नाही.

बियांत सुमारे 23 ते 26 टक्के तेल असते. बिया धुऊन पावसाआधी कडक उन्हात वाळवाव्या लागतात. ओल राहिली की बुरशी धरते आणि तेलाला कुबट वास येतो. टरफल फोडून मगज बारीक कुटतात, पूड पाण्यात उकळतात आणि वर आलेले तेल काढून घेतात. मग त्यातले पाणी पूर्ण आटवून ते फडक्यातून गाळतात व निवताना गोळे वळतात. घाई करून पाणी राहू दिले, तर गोळा लवकर खवट होतो.

तेलातील मेदाम्लांत स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक, उरलेले बहुतांश ओलेइक. वितळणबिंदू 38 ते 42° से.; म्हणून नुसते टेकवून ते पसरत नाही, चोळावे लागते. त्याच्या थराने कातडीतील ओल टिकते.

ओठांच्या मलमासाठी कोकमतेल 20 ग्रॅम, तिळाचे तेल 25 ग्रॅम व मधमाश्यांचे मेण 5 ग्रॅम गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात, मेणाचा कणही न उरेपर्यंत, साधारण 70° से.पर्यंत वितळवावे. सावकाश निवले तर स्टिअरिकयुक्त भाग आधी गोठून मलम रवाळ होते. पुन्हा पूर्ण वितळवून, ढवळत, थंड पाण्यात भांडे धरून लवकर निववावे.

टाचा दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून, पुसून, रात्री हे तेल भरतात. पळीत कडकडीत तापवून भेगेत सोडण्याची जुनी रीत आहे, तिने भाजते. मधुमेह्याच्या पायाला बधिरपणामुळे ते कळतही नाही, तेव्हा ही रीत टाळलीच पाहिजे. भेगेतून रक्त वा पू येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांवर हे तेल लावू नये. तिथली ओल आत कोंडते आणि चिखल्या वाढतात.