मामांची जुनी चक्री आणि धुण्याचा सोडा

खानापूरला मामांची लाकडाची वखार आहे, तिथली चक्री, म्हणजे गोल करवत, कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडात बंद पडून होती आणि खानापूरचा पाऊस काय असतो ते इकडच्यांना सांगायला नको, पुल्या, कॉलर, नटबोल्ट सगळं लालभडक. भंगारवाला वजनावर न्यायला बसलेलाच. मी म्हटलं, मामा थांबा, बॅटरी चार्जर आहे न्हवं घरात?

गंज वरून चढतो असं आपल्याला वाटतं, पण तो लोखंडाचाच होतो. पाण्याचा एक थेंब पडला की तिथं चिमुकली बॅटरी तयार होते बघा. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर, मधोमध कमी. म्हणून मधलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं, ते इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेला पळतात, तिथं ऑक्सिजन आणि पाणी ते घेऊन हायड्रॉक्साइड बनवतात, आणि दोघांची गाठ पडते तिथं गंजाचं कडं उमटतं. खड्डा मध्ये, गंज बाजूला! मला हे फार आवडतं.

आता लोखंडाला इलेक्ट्रॉन बाहेरून द्यायचे. प्लास्टिकच्या टबात पाणी, लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, चार्जरची निगेटिव्ह गंजक्या पुलीला, पॉझिटिव्ह जुन्या लोखंडी पट्टीला, दोन्ही एकमेकाला टेकू द्यायची नाहीत. १२ व्होल्ट पुरतात. पुलीवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात ते गंज सैल करतात, आणि लाल गंजाचा काही भाग काळा मॅग्नेटाइट (लोखंडाचाच काळा ऑक्साइड) होतो तो ब्रशनं निघतो. पट्टीकडची बाजू आधी साफ होते म्हणून पुली फिरवत राहायची. पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. मीठही नको, क्लोरीन सुटतो. आणि हे काम उघड्यावरच करा, हायड्रोजन पेट घेतो.

करवतीचं पातं मात्र मी टबात घातलं नाही. कडक पोलादात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होऊ शकतं, आणि जोरात फिरणाऱ्या पात्याला तडा म्हणजे जिवाशी खेळ. ते रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरनं हातानंच घासलं, ग्राइंडर लावून तापवलं नाही, तापलं की पातं सरळ ठेवणारा आतला ताण जातो.

मामी म्हणाल्या, लोखंड शनीचं, शनिवारी तेल घाला. तेल घालाच, पाणी आणि हवा दोन्ही अडतात, पण पुली टबातून काढली की धुऊन वाळवून त्याच घडीला घाला, मंगळवार असला तरी, कारण उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं. रीलमधले एका मिनिटात लोखंड नवं करणारे स्प्रे घेऊ नका. गेलेलं लोखंड परत येत नाही, पुलीवरचे खड्डे तसेच आहेत, पण पट्टा आता सरळ चालतोय.