स्कॅनरचा नंबर काय?

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाकडे एक जुना स्कॅनर आहे. मंडळाचे फोटो आणि जमाखर्चाच्या वह्यांना वाळवी लागायच्या आत त्या स्कॅन करून ठेवाव्यात म्हणून काकांनी तो माळ्यावरून काढला. कॉम्प्युटरही जुनाच, पण त्यावर नुकतंच ६४ बिटचं, म्हणजे जुन्या ३२ बिटनंतरच्या पिढीचं, विंडोज १० टाकलेलं. केबल जोडली, दिवा लागला, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या विंडोजच्या यादीत, पिवळा त्रिकोण. “भंगारवाल्याला देऊन टाकतो,” काका म्हणाले. म्हटलं, “काका, एक रात्र थांबा.”

स्कॅनर बिघडला नव्हता. केबल जोडताच त्याने आपली ओळख सांगितली होती, ती विंडोजला पटली नव्हती एवढंच. प्रत्येक यूएसबी उपकरण दोन क्रमांक सांगतं: एक कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. दोन्ही १६ बिटचे, म्हणजे ० ते ६५,५३५ यांतला एखादा. कॉम्प्युटरच्या आतल्या कार्डांचीही अशीच पद्धत आहे. तिथे इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, तिच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचंच नाव! विंडोज हे क्रमांक घेऊन आपल्याकडच्या आयएनएफ फाइल्स चाळतं. ‘हा क्रमांक दिसला तर हा ड्रायव्हर’ असं त्यांत साध्या मजकुरात लिहिलेलं असतं. ड्रायव्हर म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम. जुळलं नाही की त्रिकोण.

म्हणून खोक्यावरचं नाव शोधत बसण्याआधी क्रमांक बघावा. त्रिकोणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. तिथे ‘व्हीआयडी’ (कंपनीचा क्रमांक) आणि ‘पीआयडी’ (वस्तूचा) यांच्यापुढची चार-चार अक्षरं लिहून घ्यायची. एकाच नावाच्या दोन वस्तूंत कधीकधी वेगळी चिप असते; ते नावावरून कळत नाही, क्रमांकावरून कळतं.

स्कॅनरची सीडी सापडली, पण तिच्यावर फक्त ३२ बिट विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर. इथे बरेच जण गोंधळतात, कारण ३२ बिटचे साधे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर छान चालतात. त्यांच्यासाठी विंडोजने मध्ये वेगळा थर ठेवलेला आहे. ड्रायव्हरला तशी सोय नाही. तो बहुतेक वेळा कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या थेट गाभ्यात उतरतो, आणि ६४ बिटच्या गाभ्यात ३२ बिटचा कोड चालत नाही. गाभ्यात शिरलेल्या प्रोग्रॅमला सगळी मेमरी खुली असते. त्याची एक चूक अख्खा कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर आणते. व्हिस्टापासून ६४ बिटच्या विंडोजमध्ये अशा ड्रायव्हरवर डिजिटल सही, म्हणजे तो कुणाकडून आला याची खूण, सक्तीची झाली ती त्यामुळेच. ‘सगळे ड्रायव्हर फुकट’ म्हणणाऱ्या अनोळखी साइटवरून काहीही उतरवू नका, हे मी कळकळीने सांगतो.

कंपनीच्या साइटवर ६४ बिटचा ड्रायव्हर नव्हताच. धडधाकट यंत्र केवळ एका फाइलवाचून भंगारात जावं, याचा मला खरंच त्रास होतो. मग विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या मुक्त सिस्टिमकडे वळलो. तिथे ‘सेन’ नावाचा मुक्त प्रकल्प आहे, त्यात कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी स्कॅनरचे ड्रायव्हर लोकांनी लिहून ठेवलेत. त्याच्या यादीत आमचे दोन्ही क्रमांक सापडले. पेनड्राइव्हवर उबुंटू हे लिनक्सचंच एक रूप घेतलं, कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू केला. हार्डडिस्कवरच्या विंडोजला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी काचेवर पहिला फोटो ठेवला, चौपाटीवरच्या विसर्जनाचा. दिवा सावकाश सरकत गेला. ते दोन क्रमांक आता स्केचपेनने स्कॅनरच्या पाठीवर लिहिलेत, आणि पेनड्राइव्ह सुतळीने त्यालाच बांधलाय.