शेतमजुराचे घर: शेतावरची कोठडी आणि गावठाणातली जागा

इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर किंवा सांवेर तहसिलीत शेताशेतांतून जाताना विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला लागून एखादी कोठडी हमखास दिसते. विटांच्या भिंती, वर पत्रे, दाराशी तीन दगडांची चूल, आणि आत खाटेखाली खताच्या रिकाम्या गोण्यांत बांधून ठेवलेला संसार. इथे राहणारे कुटुंब बहुधा झाबुआ, अलीराजपूर किंवा धारकडचे भिल्ल वा भिलाला असते, आणि सोयाबीनच्या कापणीला आले की पुष्कळदा लसूण-बटाट्याची काढणी उरकेपर्यंत इथेच राहते. ही कोठडी बांधायला परवानगी कोणाची लागते आणि ती कोणाच्या नावाने मिळते, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु इंदूरच्या परिसरात त्याला मोठा इतिहास आहे.

होळकर संस्थानच्या काळात माळव्यात सालाने बांधलेल्या शेतगड्याला ‘हाली’ म्हणत, म्हणजे महाराष्ट्रातला सालदार. त्याचा निवारा मालकाच्या मर्जीवर चाले आणि काम सुटले की छप्परही सुटे. १९१८ साली पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारासाठी नगररचनेचा प्रसिद्ध अहवाल लिहिला, पण त्याचा विषय शहर होता. शेतमजुराच्या घराचा विचार झाला तो दुसरीकडे. १९२४ पासून इंदुरातल्या वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख असलेले अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव आज कंपोस्टच्या ‘इंदूर पद्धती’मुळे घेतले जाते. मात्र वेळेवर मजुरी, पुरेशी विश्रांती, राहायला नीट घर आणि औषधपाणी मिळाल्याशिवाय शेतीचे काम चांगले होत नाही, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे मांडले होते. त्यांच्या या म्हणण्याची आठवण फारशी कोणी ठेवली नाही, याचे वाईट वाटते.

१९४८ साली मध्य भारत राज्य स्थापन झाले आणि १९५१ च्या कायद्यांनी जहागिऱ्या व जमीनदाऱ्या संपल्या. आपल्याकडच्या कित्येक मराठी घराण्यांची गावे त्याच सुमारास गेली. कसणाऱ्यांना जमिनीचे हक्क मिळाले, परंतु जो हाली कुळही नव्हता आणि मालकही नव्हता, त्याच्या वाट्याला काही आले नाही. पुढे मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ आली आणि आजचा सगळा व्यवहार मुळात तिच्यावरच उभा आहे. गावकऱ्यांच्या वस्तीसाठी राखलेल्या जागेला ही संहिता ‘आबादी’ म्हणते, आणि त्या व्याख्येतच ‘गावठाण’ हा आपला शब्दही समाविष्ट आहे. मजुराला घरासाठी जागा मागायची असेल तर ती या आबादीत. शेतावरच्या इमारतीकडे मात्र संहिता वेगळ्या नजरेने पाहते. जमिनीच्या सोयीच्या किंवा किफायतशीर वापरासाठी बांधलेली इमारत ही त्या जमिनीची ‘सुधारणा’ ठरते, जशी विहीर किंवा बांधबंदिस्ती.

सारी मेख इथेच आहे. शेती सोडून अन्य कामासाठी जमीन वापरायची तर कलम १७२ खाली एसडीएमकडून, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडून, डायव्हर्शन म्हणजे वापर बदलण्याची मंजुरी घ्यावी लागे. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि स्वतः आकारणी करून रक्कम भरण्याची पद्धत आली. शेताच्या उपयोगाची कोठडी ‘सुधारणा’ म्हणून शेतीतच धरली गेल्याने शेतकऱ्याची त्या खटाटोपातून सुटका होते, आणि ते योग्यही आहे. पण त्यामुळे ती खोली कायद्याच्या दृष्टीने विहिरीसारखीच भूमिस्वामीच्या मालमत्तेचा भाग होते. आत वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाचे नाव खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, येत नाही.

ही गाठ थोडीफार सैल केली ती परवानगीच्या नव्हे, तर वेठबिगारीच्या कायद्याने. १९७६ च्या बंधपत्रित श्रमपद्धती (निर्मूलन) अधिनियमाने वेठीच्या प्रथांची जी यादी दिली, तीत ‘हाली’ हे नाव स्पष्टपणे आहे. वेठीच्या मोबदल्यात मिळालेल्या राहत्या घरातून मुक्त झालेल्या मजुराला हुसकावता येणार नाही, अशीही तरतूद त्यात आहे. घर आणि चाकरी यांना एकमेकांपासून सोडवणारे यापेक्षा स्पष्ट कलम माझ्या पाहण्यात नाही. अर्थात साध्या मजुरीवर आलेल्या कुटुंबाला त्याचा आधार मिळत नाही. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदाही आंतरराज्य होता, त्यामुळे झाबुआहून इंदूर जिल्ह्यात आलेला मजूर त्यात बसलाच नाही.

दरम्यान शहर वाढत होते. मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ नुसार निवेश (म्हणजे नियोजन) क्षेत्रात बांधकामाला नगर तथा ग्राम निवेश खात्याची परवानगी लागू झाली, तर बाहेरच्या गावांत १९९३ च्या पंचायत कायद्याने ती ग्रामपंचायतीकडे राहिली. इंदूरची हद्द गावागावांपर्यंत सरकत गेली, तशी कालपर्यंत सरपंचाच्या सहीने होणारी कामे नकाशे आणि शुल्काच्या फेऱ्यात आली. फार्महाऊसवाल्याला वास्तुविशारद परवडतो. दहा बिघ्यांच्या शेतकऱ्याला मजुरांच्या दोन खोल्यांसाठी तो परवडत नाही, आणि मग खोली कागदाशिवायच उभी राहते.

अलीकडच्या योजनांनीही हे अंतर मिटवलेले नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) २०१६ पासून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळू लागले, परंतु त्यासाठी पायाखाली जागा हवी. २०२० ची स्वामित्व योजना ड्रोनने आबादीच मोजते, शेतातली टापरी नाही. २०२१ मध्ये राज्याने भूखंड नसलेल्या कुटुंबांना आबादीत कमाल ६० चौरस मीटर जागा पती-पत्नींच्या संयुक्त नावाने देण्याची योजना आणली. ती मनापासून स्वागत करण्याजोगी होती. पण तीत अर्जदाराचे नाव त्याच गावच्या मतदार यादीत असण्याची अट आहे, आणि विहिरीजवळच्या त्या कोठडीतल्या नवरा-बायकोची नावे बहुतेक वेळा अलीराजपूरकडच्या एखाद्या फळ्याच्या, म्हणजे पाड्याच्या, यादीत असतात.