उजवीकडचं हृदय आणि निपचित शेपटी

मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषाला डॉक्टर मध्येच विचारतात, ‘लहानपणापासून सर्दी-कफ असतो का?’ प्रश्न अस्थानी वाटतो. पण त्याला इतिहास आहे.

स्वित्झर्लंडचे डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी १९३३ साली एका विचित्र त्रिकुटाकडे लक्ष वेधलं: सायनसचा जुनाट त्रास, कफ साठून रुंदावलेल्या श्वासनलिका आणि उजव्या बाजूला हृदय. या तिघांचं एकमेकांशी नातं काय, ते चाळीसेक वर्षं कळेना.

उत्तर सापडलं शुक्राणूच्या शेपटीत. ती आडवी कापली की कडेनं नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मधोमध दोन सुट्या नळ्या दिसतात. प्रत्येक जोडीला बारीक हात असतात, डायनिन या प्रथिनाचे. हे हात शेजारच्या जोडीला ओढतात, म्हणून शेपटी वळवळते. स्टॉकहोमचे पेशीशास्त्रज्ञ ब्यॉर्न अफ्झेलियस यांनी समुद्री साळूच्या शुक्राणूत हे हात १९५९ मध्येच पाहिले होते. पुढे त्यांनी चार पुरुषांचे नमुने तपासले. शुक्राणू होते, पण हलत नव्हते, आणि नळ्यांवरचे हातच नव्हते. चौघांपैकी काहींचे अवयव आरशातल्यासारखे उलटे! श्वासनलिकेतला कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची घडणही शेपटीसारखीच. गर्भात असेच केस निकामी असले तर हृदय कोणत्या बाजूला जाणार हे नशिबावर ठरत असावं, असा तर्क त्यांनी १९७६ मध्ये मांडला. १९९८ साली जपानी संशोधकांनी उंदराच्या गर्भात या केसांनी उठवलेला प्रवाह दाखवला आणि तर्काला बळ मिळालं.

या दोषामागची जनुकं नंतर हाती लागली: १९९९ मध्ये डीएनएआय१, २००२ मध्ये डीएनएएच५. २०१४ साली डीएनएएच१ पुढे आलं, आणि इथे मामला वेगळा निघाला. यात शेपटी आखूड, वेटोळी किंवा बेपत्ता. छाती मात्र बहुधा ठणठणीत. म्हणजे सर्दी नाही म्हणून जनुकीय दोष नाही, असं म्हणता येत नाही.

न हलणारा शुक्राणू मेलेलाच असतो असंही नाही. इओसिन या लाल रंगाचा थेंब टाकला की मेलेला लालसर होतो, जिवंत कोरा राहतो. जिवंत शुक्राणू सुईनं थेट बीजांडात सोडायची इक्सी ही पद्धत ब्रसेल्सच्या चमूनं १९९२ मध्ये जाहीर केली. मात्र बापाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असेल, तर एक सदोष प्रत बाळाकडे जाणारच. आईकडूनही तशीच आली, तर आजार पुन्हा उभा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, आणि नात्यात तीच सदोष प्रत असू शकते. तिथे बायकोचीही जनुकीय तपासणी आधी केलेली बरी.