बाळाचे श्वास मोजा, पूर्ण मिनिटभर

‘ताप नाही ना, मग साधी सर्दी असेल.’ बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर या वाक्यावर विसंबू नका. इतक्या लहान वयात जंतुसंसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही. उलट अंग गार पडू शकतं. काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त असणं जितकं धोक्याचं, तितकंच ते ३५.५ च्या खाली जाणंही. पण थर्मामीटर घरात नसला तरी श्वास मोजता येतात, आणि भराभर श्वास ही न्यूमोनियाची, म्हणजे फुप्फुसातल्या जंतुसंसर्गाची खूण असू शकते.

बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, झबलं वर करून पोटाकडे बघा. पोट वर येऊन खाली गेलं की एक. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंदांचा आकडा चारने गुणू नका, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही: भराभर काही श्वास, मग चार-पाच सेकंद शांतता, पुन्हा भराभर. हे नेहमीचंच. आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजा. तसाच आला तर लगेच दवाखाना. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ही मर्यादा ५० आहे.

वेग का वाढतो? मोठ्यांच्या फासळ्या तिरक्या असतात. श्वास घेताना बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात. बाळाच्या फासळ्या जवळजवळ आडव्या, म्हणजे कडी आधीच उचललेली. सगळा भार श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर. न्यूमोनियात फुप्फुस ताठ होतं, एका श्वासात हवा कमी मावते. खोल श्वास जमत नाही, म्हणून बाळ श्वासांची संख्या वाढवतं. श्वासपटलाने आणखी जोर लावला की छातीतला दाब घटतो आणि मऊ कूर्चेची छातीच बरगड्यांखाली आत ओढली जाते, तिथे खोल खड्डा पडतो. बाळ प्रत्येक उच्छ्वासाला ‘अं, अं’ कण्हतं तेही यामुळेच: स्वरयंत्राचं दार अर्धवट मिटून ते हवा कोंडतं, वायुकोश (फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे) मिटू नयेत म्हणून. घरात मात्र ते पोटदुखी समजून बेंबीभोवती हिंग लावला जातो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी मोठे आकडे न येणाऱ्या सुइणींसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी यांचं साधन केलं: दहा श्वासांना एक मणी, मिनिटाची वाळू संपण्याआधी मर्यादेचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. आणि मेळघाटात अजूनही ‘पोट उडतंय’ म्हणून तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात! आजार छातीत, डाग पोटावर, आणि त्या जखमेतून नवा जंतुसंसर्ग.

दूध ओढणं बंद, झटके, हलवल्याशिवाय हालचाल नाही, तळहात-तळपाय पिवळे: यातलं एकही दिसलं तर श्वास मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, डोक्याला टोपडं, वरून शाल. दूध ओढत असेल तर पाजत राहा.