कम्युनिटी रेडिओचा अर्ज: नाशिकच्या संस्था नेमक्या कुठे अडतात

पात्रता सोपी आहे. ना-नफा संस्था, नोंदणीला किमान तीन वर्षं झालेली. शिक्षणसंस्था आणि कृषी विज्ञान केंद्रंही चालतात. एकटी व्यक्ती किंवा राजकीय पक्ष चालत नाही. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर ऑनलाइन भरायचा.

पहिली अडचण ट्रस्टच्या कागदांची. अर्जावर सही नव्या अध्यक्षांची आणि परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, अजून जुनेच विश्वस्त, त्यातले एखादे तर वारलेले. कारण विश्वस्त बदलल्याचा तिथे दिलेला अर्ज, म्हणजे बदल अर्ज, निकाली निघालेला नसतो. वर्षानुवर्षं तो पडून राहतो आणि भुर्दंड संस्थेला बसतो, याचा राग येतो. पण आधी त्याचा पाठपुरावा करा, मगच पोर्टल उघडा.

दुसरी, मुदतीची. 2024 च्या धोरणानुसार इरादापत्र, म्हणजे मंत्रालयाचं प्राथमिक संमतीचं पत्र, मिळाल्यापासून एका वर्षात केंद्र उभं करायचं असतं. डब्ल्यूपीसी या केंद्राच्या वायरलेस विभागाकडून मिळणारी फ्रिक्वेन्सी आणि सॅकफा या समितीची मास्टच्या, म्हणजे अँटेनाच्या खांबाच्या, जागेला मंजुरी याच वर्षात बसवायची. मंजुरी आल्यावर वर्ष सुरू होतं, असं समजून कित्येक जण निवांत राहतात. वर्षाच्या वर मिळणारे तीन महिने फक्त अनपेक्षित अडचणीसाठी आहेत.

सर्वांत जास्त घोळ सॅकफाच्या फॉर्ममध्ये होतो. मास्टची जागा आणि उंची विमानांना किंवा दुसऱ्या वायरलेस सेवांना आड येते का, हे ही समिती पाहते. मोबाईल टॉवरसारख्या यंत्रणांनाही तिच्याकडूनच जावं लागतं. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा सुरू होतो. आपल्याकडे ओझरचा विमानतळ आहे, गांधीनगरला लष्कराचं हवाई प्रशिक्षण आहे. त्यामुळे जागा अचूक लिहा.

मोबाईल 20.01 असा दशांशात अक्षांश दाखवतो. तो लोक 20 अंश 1 मिनिट म्हणून लिहितात. खरं उत्तर 20 अंश 0 मिनिटं 36 सेकंद. दशांशाला 60 ने गुणलं की मिनिटं, उरलेल्याला पुन्हा 60 ने गुणलं की सेकंद. या एका चुकीने मास्ट कागदावर जवळजवळ पाऊण किलोमीटर सरकतो.

अँटेनाची उंची जमिनीपासून 30 मीटरपर्यंतच चालते, आणि त्यात इमारतही धरायची. समुद्रसपाटीपासूनची उंची हा वेगळा रकाना आहे. आकडे ऑफिसात बसून घेऊ नका. गच्चीवर जा, मास्ट जिथे रोवणार तिथेच उभे राहा आणि मग नोंद करा.